आधी दगड ठरवा, मग देश

मागच्या आठवड्यात हिंगणघाटहून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, रत्नशास्त्र शिकाले लंडनले जाऊ का बँकॉकले?"

मामाचं सराफीचं छोटं दुकान आहे आणि पाच एकर कापूस. पोरीच्या फीसाठी त्यातले दोन एकर विकायला मामा तयार झाला होता. म्हणजे गोष्ट नुसत्या कोर्सची नव्हती. दोन संध्याकाळ फोनवर बसून आम्ही सगळं मांडलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्या गिरडपासून करू. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावी टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तिथे गोल गोल दगड सापडतात. लोक सांगतात, बाबांची थट्टा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या नारळांचे आणि इतर मालाचे दगड झाले. भूशास्त्र सांगतं, लाव्हाच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत झिओलाइट प्रकारची खनिजं साचली आणि खडक झिजल्यावर ती मोकळी झाली. रत्नशास्त्राचं कामही असंच. डोळ्याला काय दिसतं त्यावर थांबायचं नाही, तपासून ओळखायचं.

आता माणिक घ्या. रिफ्रॅक्टोमीटरवर माणिकाचा अपवर्तनांक साधारण 1.76 येतो. लाल काचेचा सहसा त्यापेक्षा बराच कमी. काच तर लगेच पकडली जाते. पण कारखान्यात बनवलेलं माणिक? फ्रेंच शास्त्रज्ञ व्हर्न्यूलनं 1902 मध्ये ज्वालेत माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. त्या माणिकाचा अंकही 1.76 च येतो, कारण पदार्थ तोच. मग मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. ज्वालेत बनलेल्या माणिकात कमानीसारख्या वाकलेल्या रेषा दिसतात, खाणीतल्या माणिकात रंगाच्या रेषा सरळ असतात. हे व्हिडिओ बघून येत नाही. शेकडो दगड हाताखालून जावे लागतात.

म्हणून कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: कोर्समध्ये मी स्वतः किती दगड तपासणार? अमेरिकेच्या जीआयए संस्थेच्या ग्रॅज्युएट जेमॉलॉजिस्ट कोर्सच्या शेवटी 20 दगड ओळखायचे असतात, आणि वीसच्या वीस बरोबर यावे लागतात. तेव्हा सरावाचे तास माहितीपत्रकातल्या चकचकीत फोटोंपेक्षा महत्त्वाचे.

दुसरा प्रश्न: तुम्हाला काम कोणत्या दगडात करायचंय? हिऱ्यासाठी बेल्जियमचं अँटवर्प नावाजलेलं, पण जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते आपल्या सुरतेत. पाचूचं मोठं काम जयपूरला. माणिक आणि नीलम यांसाठी थायलंड. बँकॉकला शाळा आहेत, आणि चांथाबुरी गावात शनिवार-रविवारी रस्त्यावर टेबलं मांडून दगडांचा व्यवहार चालतो. मी बहिणीला विचारलं, "तुमच्या दुकानात गिऱ्हाईक काय घेऊन येतं?" म्हणाली, "राशीचे खडे. माणिक, नीलम, पुष्कराज." हे तिन्ही एकाच खनिजाचे, कुरुंदाचे, वेगवेगळे रंग. अँटवर्प तिथल्या तिथे यादीतून गेलं.

तिसरा प्रश्न: सर्टिफिकेट वापरणार कुठे? ते भारतातच वापरायचं असेल तर नीट ऐका. जीआयएचे वर्ग मुंबईतही आहेत. लंडनच्या जेम-ए संस्थेची परीक्षा जगभरच्या मान्यताप्राप्त केंद्रांतून देता येते. म्हणजे नावाजलेली पदविका मिळवायला समुद्र ओलांडावाच लागतो असं नाही. आणि परदेशात राहून कमवायचा बेत असेल, तर व्हिसा आधी तपासा. ब्रिटनचा शिक्षणानंतर काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा मुख्यतः पदवीवाल्यांसाठी आहे, काही महिन्यांच्या डिप्लोमावर मिळत नाही. "तिथंच नोकरी काढून फी वसूल करू" असं कोणी एजंट म्हणाला, तर ते लेखी मागा.

फीचा हिशेब करताना राहणं, खाणं, विमान, विमा आणि परीक्षेची वेगळी फी, सगळं एका कागदावर लिहा. परीक्षा पुन्हा द्यावी लागली तर काय, तेही त्यातच.

बहिणीनं काय ठरवलं? आधी मुंबई. एखादा छोटा कोर्स करून बघायचं, मायक्रोस्कोपवर तासन्‌तास बसवतं का ते कळेल. मग पूर्ण पदविका. आणि नंतर दुकानाच्या कमाईतून काही आठवड्यांसाठी बँकॉक आणि चांथाबुरी, माल ओळखून विकत घ्यायला शिकायला. मामाला हे सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग यंदा त्या दोन एकरात तूर लावतो."

तुमच्या घरीही असा प्रश्न आला असेल, तर हे तीन प्रश्न कागदावर लिहून बघा आणि उत्तरं मला पाठवा. पुढच्या भागात भेटू!