कॅरोटीनची कैफियत

सुरतेच्या आग्नेयेस, उधन्याच्या पलीकडे वसलेल्या डिंडोलीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमाग व रंगाई-छपाईच्या मिलांच्या आश्रयाने येऊन स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे इतकी आहेत की, तेथील भाजीबाजारात मेथीची जुडी आणि गंगाफळाची फोड यांच्या भावाची घासाघीस अहिराणीत चाललेली ऐकू आली तर त्यात नवल नाही. त्वचा उजळविण्याचे आणि वार्धक्य लांबविण्याचे अभिवचन देणाऱ्या कॅरोटीनच्या गोळ्याही आता औषधांच्या दुकानांतून सर्वत्र मिळू लागल्या आहेत. ज्या द्रव्यासाठी तेथे नोटा मोजाव्या लागतात ते भाजीच्या गाडीवर सुट्या पैशांत मिळते, हे ग्राहकास ठाऊक नसते असे नाही. परंतु त्या द्रव्याविषयी ज्या समजुती रूढ झाल्या आहेत, त्यांचा जाबजबाब एकदा घेणे अवश्य आहे.

पहिली समजूत अशी की, जे रंगीत ते सर्व कॅरोटीनयुक्त. १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनज्ञाने गाजरातून प्रथम वेगळ्या केलेल्या या द्रव्याचे कुल, म्हणजे कॅरोटिनॉइडे, मोठे आहे: टोमॅटोतील लायकोपीन, मक्याच्या दाण्यातील झियाझॅन्थिन आणि लाल मिरचीतील कॅप्सॅन्थिन हे सारे त्याचेच भाऊबंद होत. परंतु हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, बिटाचा लालपणा बीटालेनचा आणि सुरती उंधियूतील कंदाचा जांभळा रंग अँथोसायनिनचा. यांपैकी कोणाचाही या कुळाशी संबंध नाही. उलट मेथी, पालक आणि शेवग्याचा पाला यांत बीटा-कॅरोटीन व ल्युटीन विपुल असूनही हरितद्रव्याच्या दाट आवरणाखाली ते झाकून जाते. तेव्हा केवळ रंगावरून भाजीची परीक्षा करणारा मनुष्य हिरव्या जुडीवर अन्याय करतो.

कच्चे आणि तेलविरहित खाल्ले म्हणजे सत्त्व टिकते, ही दुसरी समजूत अलीकडे सुशिक्षितांत विशेष बळावली आहे. वस्तुस्थिती अशी की कॅरोटिनॉइडे पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थांत विरघळतात. शेवभाजीच्या वाटीवर जो लाल तवंग तरंगतो तो याचा डोळ्यांदेखतचा दाखला. शिजविल्याने वनस्पतीच्या पेशींच्या भिंती सैल होतात, तेलाच्या संगतीने त्यांतील द्रव्य आतड्यात शोषले जाते. शेंगदाण्याच्या तेलाची माफक फोडणी दिलेली गंगाफळाची भाजी या बाबतीत कोरड्या गाजराच्या कापांपेक्षा सरस ठरते, हे आपल्या आजीबाईंना शास्त्राच्या शिफारशीवाचून अवगत होते.

आता त्वचेकडे वळू. सूर्यप्रकाशाने त्वचेत प्राणवायूचे एक उद्दीपित, अतिशय उपद्रवी रूप निर्माण होते. ते पेशींतील स्निग्ध द्रव्यांवर आणि प्रथिनांवर तुटून पडते. कॅरोटीनचा रेणू त्याची अतिरिक्त ऊर्जा स्वतःकडे घेऊन उष्णतेच्या रूपाने टाकून देतो आणि बहुधा स्वतः शाबूत राहतो. ही क्रिया खरी आहे. प्रश्न तिच्या प्रमाणाचा आहे. जर्मनीत झालेल्या एका छोट्या प्रयोगात, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा घट्ट अर्क ऑलिव्ह तेलासह घेणाऱ्यांच्या त्वचेवर कृत्रिम किरणांनी उठणारी लाली १० आठवड्यांनी सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरली, परंतु चौथ्या आठवड्यात काहीही फरक आढळला नव्हता. म्हणजे हे संरक्षण मंदगतीचे आणि मर्यादित. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे १,६२१ रहिवाशांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज लावलेल्या सूर्यरोधक मलमाने त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगास सुमारे ४० टक्क्यांनी आळा घातला, बीटा-कॅरोटीनच्या गोळीने मात्र काहीच साधले नाही. दुपारच्या उन्हात गच्चीवर किंवा बांधकामावर राबणाऱ्याने टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सावली यांची तजवीज करावी. टोमॅटो जेवणात असावा, छत्रीच्या जागी नसावा. आणि गोरेपणाविषयी म्हणाल तर, कॅरोटीन फार झाले तर त्वचा उजळत नाही, पिवळसर होते; तिला गोरी करण्याची करामत या द्रव्यात नाही, आणि तिची आवश्यकता कोणास का वाटावी हेही मला कधी उमगले नाही.

सर्वांत घातक समजूत ही की, भाजीतून थोडे मिळून हित होत असेल तर गोळीतून पुष्कळ मिळून अधिक होईल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर ही कल्पना तपासली गेली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले गेले. १९९४ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. रक्षक म्हणून नेमलेला शिपाई धुराने भरलेल्या फुप्फुसात बहुधा स्वतःच बिघडून उपद्रवी बनतो. अमेरिकेत धूम्रपानी आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या कामगारांवरील तशीच दुसरी चाचणी हानी दिसू लागल्याने मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. पाळी संपवून विडी पेटविणाऱ्या कामगाराने ही गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नये, एवढे तरी दुकानदाराने सांगितले पाहिजे. भाजीबाबत असा धोका आढळलेला नाही. तेथे हे द्रव्य अल्प प्रमाणात आणि इतर अनेक घटकांच्या सहवासात येते, आणि त्यातूनच शरीर आपल्या गरजेनुसार अ जीवनसत्त्व घडविते. रातांधळेपणाचा धोका असलेल्या बालकांचा प्रश्न वेगळा. त्यांना ठराविक मुदतीने अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याची सरकारी योजना १९७० पासून चालू आहे आणि आहारोपदेशाच्या भरवशावर ती टाळू नये.

राहता राहिले पिवळे तळहात. गाजर किंवा पपई भरपूर खाणाऱ्या लहान मुलांचे तळहात व तळपाय केशरी दिसू लागले की घरात काविळीची धास्ती पडते आणि मांत्रिकापर्यंत मजल जाते. अशा वेळी डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे पाहावे: तो स्वच्छ असेल तर हा आहाराचा रंग असून प्रमाण आवरल्यावर काही आठवड्यांत उतरतो. तो भागही पिवळा असेल तर मात्र गाजराची चौकशी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.