जुनी गोटी कशी ओळखावी?

बेळगुंदीच्या एखाद्या घरी माळ्यावर जुन्या गोट्यांचा डबा सापडला, तर पोरांना वाटण्याआधी प्रत्येक गोटी भिंगाखाली पाहावी. जर्मनीतील लाउशा येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काचेच्या गोट्या हाताने तयार होत. तापलेल्या कांडीपासून गोटी कापल्याची खरखरीत खूण तिच्या टोकाला राहते. अमेरिकेत १९०५ साली ज्याचे पेटंट निघाले, त्या यंत्राच्या गोटीवर ती सहसा नसते. सोड्याच्या बाटलीतली हिरवट गोटी अगदी साधी. तिच्यासाठी बाटली फोडू नये, कारण संग्राहकाला अखंड बाटलीच हवी असते. गोटीचे मोल आकार, आतला रंगीत पीळ व अखंडपणा यांवर ठरते. मात्र टवका उडालेली गोटी घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. घासण्यात ती खूण पुसली जाते आणि खुणेबरोबर मोलही जाते.