घरचा चित्रपट

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. माझ्याकडे गाणे शिकणारी दोन मुले, एक मुलगा आणि त्याची आतेबहीण, शिकवणी संपली तरी उठेनात. तंबोऱ्यावर गवसणी चढली, पेटी बंद झाली, तरी बसूनच. अखेर मुलगी म्हणाली, "सर, आम्ही चित्रपट काढतोय. संगीत तुम्ही द्यायचं."

"पैसे कोण घालणार?" मी विचारले. ज्याचे आयुष्य शिकवण्यांच्या फीवर गेले, त्याला हाच प्रश्न आधी सुचतो.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "फोन माझा, दिवा दादाचा. आणि तुम्हालाही आम्ही काही देणार नाही."

मी हो म्हटले. का म्हटले, याचे एक कारण आमच्या बडोद्यातच उभे आहे. कलाभवनाच्या इमारतीवरून आपण रोज जातो. आज तिथे विद्यापीठाची तंत्रशिक्षणाची शाखा आहे, आणि आत जाणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, १८९० साली महाराजा सयाजीरावांनी ही संस्था काढली त्याच सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा एक तरुण इथे शिकावयास आला होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकून तो आलेला. इथे त्याला छायाचित्रणाचा नाद लागला. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्याला छायाचित्रणाची खोली वापरण्याची मोकळीक दिली. पुढे 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या माणसाचे हात प्रथम रसायनांनी काळे झाले ते आपल्या गावात. मुंबई आणि नाशिक दादासाहेबांवर हक्क सांगतात, तो त्यांनी खुशाल सांगावा. आपणही थोडा सांगावा.

मुलांची अट अशी होती की, आधी मी त्यांच्याबरोबर चित्रपट पाहायचे. मग चार रविवार माझ्या माडीवर पांढरी चादर ताणून आम्ही ते पाहिले. सगळेच त्यांनी निवडलेले, आणि सगळे मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, घरच्या हिमतीवर सुरू झालेले.

पहिला मान अर्थात फाळक्यांचा. 'राजा हरिश्चंद्र' म्हणून आज जो थोडा भाग पाहायला मिळतो तो पाहिला, आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारी त्यांचीच एक छोटी फीतही पाहिली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या त्या मूकपटाची हकीकत आपण शाळेत शिकलेली असते. विमा गहाण टाकला, १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, कुंडीतल्या वाटाण्याचे रोप रोज थोडे थोडे टिपून ते झरझर वाढताना दाखविले आणि त्या रोपावर सावकाराचा विश्वास मिळविला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांना लुगडे नेसविले. हे सारे मला माहीत होते. माहीत असून ज्याचा कधी विचार केला नव्हता, ती गोष्ट मुलीने दाखवली. त्या काळी कोरी फीत कडेच्या भोकांवाचून येई. कॅमेऱ्याच्या दात्यांत ती अडकावी म्हणून दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोके पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फीत फुकट. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बोटांच्या अंदाजाने फुटामागून फूट फीत भोकायची. चित्रपट सुमारे ३७०० फुटांचा. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. कॅमेरा फिरविणारे त्र्यंबक तेलंग हेही घरोब्यातलेच. त्यांना ती विद्या फाळक्यांनीच शिकविली.

"श्रेयनामावलीत सरस्वतीबाईंचं नाव काय म्हणून घालाल?" असे तिने मला विचारले. मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या रविवारी 'पथेर पांचाली'. हा पाहताना मी शिक्षक होतो, ती दोघे विद्यार्थी. सत्यजित राय जाहिरात कंपनीत नोकरीला. चित्रण सुटीच्या दिवशी. छायाचित्रकार सुब्रत मित्र विशीतला, चलच्चित्राचा कॅमेरा त्यापूर्वी त्याने चालविलेला नाही. पहिल्याच रविवारी काशफुलांच्या रानात काम झाले, पुढच्या रविवारी जाऊन पाहतात तो गुरांनी फुले खाऊन टाकलेली. मग पुढल्या हंगामाची वाट पाहणे आले. विमा इथेही गहाण पडला, पत्नीचे दागिने इथेही गेले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला तो रस्त्यांच्या खात्यातून, कारण नावात 'पथ' होता! मौज अशी की, हा चित्रपट न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात प्रथम दाखविला गेला तोही ३ मे रोजीच, १९५५ साली.

संगीत रविशंकरांचे. त्यांना वेळ नव्हता. निम्माशिम्मा चित्रपट कच्च्या जुळणीत पाहून एका रात्रीच्या बैठकीत त्यांनी काम उरकले. उरकले म्हणतो खरा, पण असे उरकणे ज्याला साधेल त्याचे पाय धरावेत. जे कमी पडले ते घरच्यांनी भरून काढले. एका प्रसंगाची सतार खुद्द सुब्रत मित्रांनी वाजविली आहे. आणि तो प्रसंग! हरिहर परगावाहून परत येतो. दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो बायकोच्या हातात देतो, आणि सर्वजयेचा बांध फुटतो. पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी दक्षिणामोहन टागोरांची तारशहनाई उंच स्वरात पटदीप वाजवते. तारशहनाई म्हणजे गजाने वाजवायचे तंतुवाद्य, त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला. पटदीपात गंधार कोमल, बाकी स्वर शुद्ध. तो शुद्ध निषाद वर जाऊन असा लागतो की माणसाच्या गळ्यातून ती किंकाळी निघाली असती तर आपण मान फिरविली असती. इथे मान फिरविता येत नाही. माझे वडील राजवाड्यातल्या गणपतीपुढे गात. दिवेलागणीपूर्वीचा त्यांचा पटदीप ऐकत मी वाढलो. पण हा राग इतका निर्दय असू शकतो, हे त्या चादरीवर कळले.

आणि तिथेच मी घसरलो. मी मुलांना सांगून टाकले, "आवाजाची काळजी करू नका. तुम्ही फक्त चित्र नीट घ्या. वर मी पटदीप घालीन."

मालेगावविषयी थोडक्यातच लिहितो. फाळक्यांच्याच नाशिक जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे गाव. तिथे नासिर शेख नावाच्या, व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या गृहस्थाने यंत्रमाग कामगारांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. फैजा अहमद खान यांनी २००८ साली या मंडळींवर माहितीपट केला, तो आम्ही पाहिला. सायकलीवर कॅमेरा बसवून सरकते दृश्य, बैलगाडीचा दांडा वरखाली करून उंचावरचे दृश्य! आम्ही पोट धरधरून हसलो, आणि सुपरमॅन झालेला तो किडकिडीत कामगार पुढे कर्करोगाने गेला हे कळल्यावर गप्प बसलो.

चौथा चित्रपट मेक्सिकोतला, रॉबर्ट रॉड्रिग्ज या तरुणाचा 'एल मारियाची', १९९२ सालचा. सात हजार डॉलरांत केलेला. त्यातले बरेचसे त्याने औषधाच्या चाचणीसाठी स्वतःचे शरीर भाड्याने देऊन मिळविले होते. कॅमेरा मुका. म्हणून एक दृश्य झाले की तिथल्या तिथे, पात्रे हललीही नाहीत तोच, टेपरेकॉर्डर पुढे धरून तीच वाक्ये तशीच पुन्हा म्हणवून घ्यायची आणि मागाहून ओठांशी जुळवायची. जिथे जुळेना तिथे दुसऱ्याच कशाचे चित्र दाखवून वेळ मारून न्यायची. मुलाने हे मला सांगितले, आणि वर विचारले, "सर, आपणही वेगळा आवाज घेऊन ठेवायचा का?" मी म्हटले, "काही गरज नाही." हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आमच्या चित्रपटाचा विषय दांडिया बाजाराजवळचा एक वाडा. तो विकला गेला होता आणि संक्रांतीनंतर रिकामा व्हायचा होता. त्यात मुलांच्या ओळखीच्या एक आजी राहत, ऐंशी उलटलेल्या. दिवाणखान्यात पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा होता (आमच्याकडे निम्मी माणसे त्याला हिंचकाच म्हणतात). दुपारी आजी त्यावर बसून भाजी निवडीत आणि पायाने हलकासा झोका घेत. मुलांनी दहा दिवस चित्रण केले. खिडकीतून तिरपे ऊन, कड्यांवर चमक, आजींचे पाऊल फरशीला टेकते आहे आणि सुटते आहे. चित्र असे उतरले की मी थक्क झालो. आजींना उकाडा सोसत नाही म्हणून डोक्यावर पंखा चालू होता. तो बंद करा असे सांगायला ध्वनीकडे कान असलेला माणूस हवा होता. तो माणूस दारात उभा राहून मनातल्या मनात पटदीपाची सुरावट बांधीत होता.

माघ उजाडला तेव्हा जुळणीला बसलो. आजींचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडालेला, तरी शब्द कळत होते. झोपाळा मात्र नाहीच. मी पटदीप घातला; माझ्याच एका शिष्याने व्हायोलिनवर वाजविला. वाईट नव्हता. पण दृश्य पाहताना वाटे की, वाड्यावर कोणीतरी रेशमी चादर पांघरली आहे. रायांनी एक आवाज मुद्दाम काढून घेऊन त्या जागी पटदीप ठेवला होता. माझ्यापाशी काढून घ्यायला काहीच नव्हते. मी भोक बुजवीत होतो.

आता कोणी विचारले तर सांगतो. चित्रणाला जाल तिथे आधी पंखा बंद करा, फोन माणसाच्या तोंडाजवळ न्या किंवा शंभर-दोनशे रुपयांचा कॉलरला लावायचा मायक्रोफोन घ्या, आणि निघण्यापूर्वी सगळ्यांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर भरून घ्या. रिकामी खोलीही बोलत असते. गाण्याखाली तंबोरा असतो तसा तो आवाज संवादांच्या खाली लागतो. तो नसला की दोन वाक्यांमध्ये खड्डे पडतात. तंबोऱ्यावाचून गायला बसलेल्या विद्यार्थ्याला मी उठवून लावतो, आणि स्वतः मात्र तेच केले.

तोपर्यंत वाडा रिकामा झाला होता. झोपाळा जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गेला, तिथून कोठे गेला ते कळले नाही. आम्ही चार ओळखीच्या घरी झोपाळे ऐकत हिंडलो. एकाची कडी तेल घातलेली, एक मुळीच वाजत नाही. चौथा बाबाजीपुऱ्यातला; जाताना षड्ज आणि येताना कोमल गंधाराच्या जवळपास काहीतरी लागत होते. मला तो पसंत पडला. पंखा बंद करून, खिडक्या लावून आम्ही तो भरून घेतला आणि आजींच्या पावलाशी अगदी बरोबर जुळविला. पटदीप काढून टाकला. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

आजी आता नातवाकडे नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये असतात. तिथे फोन टीव्हीला जोडून आम्ही बारा मिनिटांचा चित्रपट त्यांना दाखविला. त्या न हलता पाहत होत्या. झोपाळा आला तेव्हा त्यांनी मान किंचित तिरकी केली.

संपल्यावर म्हणाल्या, "छान केलंय हो पोरांनी. पण मास्तर, हा आमचा झोपाळा नव्हे."

मी विचारले, "कशावरून?"

"आमचा जाताना बोलायचा नाही. येतानाच बोलायचा. हा दोन्ही वेळा बोलतो."

मी दहा दिवस त्या दारात उभा होतो. चाळीस सेकंदांचा तो भाग मुलांनी आता मुका ठेवला आहे.