हळदीची जनुकीय सुरक्षितता : प्राण्यांवरील चाचण्या व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना :
मराठवाड्यातील वसमतची हळद भौगोलिक मानांकनप्राप्त आहे. आहारात व औषधात हळदीचा वापर शतकानुशतके होत असला, तरी केवळ परंपरा हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. एखादा पदार्थ गुणसूत्रांना इजा करतो किंवा नाही, हे प्रयोगानेच ठरवावे लागते.

चाचणीचे तत्त्व :
उंदरांना तो पदार्थ देऊन त्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी तपासल्या जातात. पेशीविभाजनाच्या वेळी तुटलेल्या गुणसूत्राचा तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहून ‘सूक्ष्मकेंद्रक’ तयार होते. तांबडी पेशी पक्व होताना मुख्य केंद्रक बाहेर टाकते. त्यामुळे मागे उरलेले सूक्ष्मकेंद्रक स्पष्ट दिसते.

निष्कर्ष :
हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या विजयालक्ष्मी यांच्या १९८० मधील अभ्यासात, आहारात ०.५ टक्के हळद दिलेल्या प्राण्यांत जनुकीय दोष आढळला नाही. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील नागभूषण व भिडे यांना १९८६ मध्ये जिवाणूंवरील चाचणीत कर्क्युमिन उत्परिवर्तक आढळले नाही. मात्र १९९३ च्या अमेरिकी अहवालात हळदीच्या संहत अर्काने प्रयोगनळीतील हॅमस्टर पेशींच्या गुणसूत्रांत विकृती दिसून आली.

मर्यादा :
हा निर्वाळा शुद्ध हळदीपुरता व आहारातील प्रमाणापुरताच आहे. संहत कॅप्सूलला तो आपोआप लागू होत नाही. पिवळेपणासाठी मिसळल्या जाणाऱ्या लेड क्रोमेटला तर मुळीच नाही. कारण त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम स्वतःच जनुकांना घातक आहे. म्हणून हळदीइतकीच तिच्या शुद्धतेची तपासणी आवश्यक ठरते.