जाहिरातीला आमचे घर कसे सापडते?

बालाघाटातील एखाद्या मराठी घरात संध्याकाळी फोन उघडावा, तो कधी कधी एक चमत्कार दृष्टीस पडतो. गाव मध्यप्रदेशातले, बाजारातील पाट्या हिंदी, शेजाऱ्यांशी बोलणे हिंदीत किंवा पोवारीत. आणि तरीही पडद्यावर नागपूरच्या एखाद्या सराफाची किंवा गोंदियाच्या कापडदुकानाची जाहिरात येते, तीही चक्क मराठीत! घरातील वडील मंडळी विचारतात, "आपण मराठी आहोत, हे याला कळले कसे?" मुले सांगतात, फोन आपले बोलणे चोरून ऐकतो. वडिलांचा प्रश्न मार्मिक आहे. मुलांचे उत्तर मात्र बहुधा चुकीचे आहे. ऐकण्याची गरजच पडत नाही, हेच यातले खरे नवल होय.

फोनच्या कळफलकासाठी आपण मराठी भाषा निवडलेली असते. गणपतीच्या दिवसांत आपण मराठी आरत्या लावतो, दिवाळीत चकलीची कृती पाहतो. महिन्यातून एकदा तोच फोन आपल्या खिशात बसून रेल्वेने गोंदियास जातो. अंतर अवघे सुमारे ४० किलोमीटर. तो कोठे आहे हे उपग्रहाच्या, मनोऱ्याच्या किंवा वायफायच्या खुणेवरून समजते. यातील एकही गोष्ट गुपित नाही. परंतु अशा शंभर क्षुल्लक गोष्टी एका ओळीत मांडल्या, म्हणजे माणूस ओळखू येतो.

आपल्या गल्लीतील किराणा दुकानदारही आपली वही ठेवतो. कोणाकडे साखर किती जाते, कोणाची उधारी थकली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे त्यास ठाऊक असते. मग बिघडले कोठे? फरक असा, की त्याला आपण ओळखतो तसा तो आपल्याला ओळखतो. त्याची वही मागितली तर तो पुढे करतो. आणि आपण कापडदुकानात शिरलो म्हणजे तो आपल्या मागोमाग तेथे येऊन उभा राहत नाही. हा नवा वहीवाला मात्र दुकानादुकानांतून आपल्या मागे हिंडतो, आणि त्याची वही आपल्यास दिसत नाही.

या हिंडण्याचे एक साधन म्हणजे कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ती योजिली. हेतू अगदी निरुपद्रवी होता: संकेतस्थळाला पूर्वी आलेला ग्राहक ओळखता यावा, त्याने टोपलीत टाकलेली वस्तू लक्षात राहावी. कुकी म्हणजे आपल्याच यंत्रात ठेवलेली एक छोटी चिठ्ठी. पुढे जाहिरातवाल्यांनी एक युक्ती काढली. अनेक संकेतस्थळांवर एकाच कंपनीच्या जाहिराती असल्या, म्हणजे ती कंपनी प्रत्येक ठिकाणी आपलीच चिठ्ठी वाचू शकते, आणि वाचकाची सारी भटकंती तिला जोडून पाहता येते. फोनमध्ये हेच काम 'जाहिरात आयडी' नावाचा एक लांबलचक क्रमांक करतो.

पान उघडण्यास लागतो तेवढ्या क्षणात पुढे एक लिलाव होतो. रिकाम्या जागेसमोर कोण वाचक आला आहे, त्याची भाषा कोणती, तो कोणत्या गावचा, अलीकडे त्याने काय शोधले, एवढे वर्णन बोली लावणाऱ्या यंत्रांकडे जाते. जो अधिक पैसे देईल त्याची जाहिरात झळकते. पापणी लवण्याच्या आत हे आटोपते. नागपूरच्या सराफास आपले नाव बहुधा कळतही नाही. त्याने एवढेच सांगितलेले असते, की अमुक भागातील, मराठी वाचणारे, लग्नसराईच्या वस्तू पाहणारे लोक मला हवेत. म्हणजे विकले जाते ते आपले लक्ष. वही कंपनीजवळच राहते. गूगल व मेटा यांच्या सेवा आपल्यास फुकट मिळतात त्या याच धंद्यावर.

येथे कोणी म्हणेल, सोन्याची जाहिरात मराठीत दिसली, त्यात बिघडले काय? सोन्यापुरते काहीच नाही. पण दवंडी आणि कुजबूज यांतला भेद ध्यानी घ्यावा. दवंडी सगळा गाव ऐकतो; तीत खोटे असले तर चावडीवर कोणीतरी उठून तसे सांगतो. कानात केलेली कुजबूज खोडून काढण्यास दुसरा ऐकणाराच नसतो. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण २०१८ साली उघडकीस आले, ते याच मार्गाचे. स्वभावाची परीक्षा घेणाऱ्या एका ॲपच्या द्वारे फेसबुकवरील लोकांची माहिती गोळा झाली व ती मतदारांना वळविण्याच्या धंद्यात गेली. फेसबुकने त्यावेळी दिलेले भारताचे आकडे बोलके आहेत. ते ॲप येथे उघडले केवळ ३३५ जणांनी. पण त्यांच्या मित्रमंडळींसह ज्यांची माहिती गेली असण्याचा संभव होता असे लोक ५ लाख ६२ हजारांहून अधिक. माहिती एकट्याची नसते, ती अशी.

घरोघरी अधिक जाणवणारा धोका कर्जाच्या ॲपचा. पैशाची नड असलेला माणूस 'तात्काळ कर्ज' असे शोधतो आणि तशाच जाहिराती त्याच्यापुढे उभ्या राहतात. नड ही देखील वहीतील एक नोंद झाली. कित्येक ॲप कर्जदाराच्या फोनमधील सर्व नातलगांचे क्रमांक घेत व हप्ता चुकला म्हणजे त्यांना फोन करून कर्जदाराची अब्रू काढीत. म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घालून, कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्कयादी व छायाचित्रांस हात लावू नये, असे बजावले.

खाजगीपणाचा कायदा आमच्या प्रदेशास अगदीच परका नाही. पोलिसांनी घरी येऊन पाळत ठेवण्याविरुद्ध गोविंद विरुद्ध मध्यप्रदेश राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. १९७५ च्या त्या निकालात खाजगीपणाच्या हक्काचा गांभीर्याने विचार झाला, तरी तो हक्क निःसंदिग्ध ठरला नाही. पुढील वर्षी, आणीबाणीत, जबलपूरच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात बहुमताने असा निर्णय झाला, की स्थानबद्ध माणसास सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वडिलांचा सहभाग असलेला तो जबलपूरचा निर्णय चुकीचा ठरविला. त्या नवांत नागपूरचे शरद बोबडे व मध्यप्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले अभय सप्रे हेही होते.

या पायावर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेविली आहे. माहिती कशासाठी हवी, याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय मिळाली पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे बालाघाटातही ती मराठीत मागता येईल. दिलेली संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. आणि आमच्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई आहे. कर्तव्य मोडणाऱ्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तोवर स्वतः करण्यासारखे थोडे आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग जाहिराती, असे गेल्यास पुष्कळ फोनमध्ये जाहिरात आयडी पुसून टाकता येतो. जाहिराती त्याने थांबत नाहीत, वहीची एक कडी तुटते. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशास हवी, असे विचारून परवानगी नाकारता येते.

मुलांविषयीच्या कलमात मात्र एक गाठ उरलीच आहे. आमच्याकडील पुष्कळ घरांत फोन एकच. दुपारी त्यावर आई भाव पाहते, संध्याकाळी आठवीतला मुलगा बीजगणित शिकतो, रात्री आजोबा भजन ऐकतात. वहीत हे तिघे मिळून एकच माणूस आहेत. म्हणून समीकरण सुटत असता मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते. आता त्या क्षणी फोन मुलाच्या हातात आहे की आजोबांच्या, हे कंपनीने ओळखावयाचे कसे? ओळखावयाचे म्हटले, तर मुलाचे वय विचारावे लागते, पालकांची ओळख पटवून संमती घ्यावी लागते, आणि त्यासाठी वहीत आणखी एक नोंद करावी लागते.