गोटे आणि रोडगे

ट्रॉलीत सगळ्यात खाली गोवऱ्यांची पोती, त्यावर कणकेचा डबा, वांग्यांची थैली, भाजीचा मोठा गंज, पाण्याच्या कॅन आणि या साऱ्याच्या वर, पोत्याला पाठ टेकवून, ताईच्या सासूबाई. कळंब मागे पडतं आहे. दिवाळीची भाऊबीज कालच झाली. साल 2024, विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, त्यामुळे प्रचाराची एक गाडी भोंगा वाजवत आम्हाला ओलांडते. सासूबाई तिच्यावरच्या फोटोला हात जोडतात. दुसऱ्या पक्षाची गाडी येते, तिलाही जोडतात.

भाचा ट्रॉलीच्या फळीवर उलटा बसला आहे. पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायांत जाड तळव्यांचे बूट, राजगड आणि हरिश्चंद्रगड करून झिजलेले. पाठीवर सॅक, आणि सॅकमध्ये, घरातल्या सगळ्यांना परवापासून ठाऊक असलेले, दगड.

"इंजिनेर व्हाले पाठवला, अन् हा गोटे वेचून राहिला," ताई मला सांगते. "भाजी आणाले पाठवला तर थैली जड होते म्हणतो, अन् पुण्याहून गोटे घेऊन आला. इथं काय गोट्याईचा दुष्काळ हाय?"

हे गोटे तो वर्ध्याहून रेल्वेने घेऊन आला, हाही घरातला एक विषय आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. पुढचं काम चालू आहे. म्हणजे कळंबच्या पोरांची ही रेल्वेनं घरी यायची पहिलीच दिवाळी. एसटीनं लवकर पोचला असता असं ताईचं म्हणणं. पण देवळी, भिडी आणि मग पिवळ्या पाटीवर आपल्या गावाचं नाव, हे त्याला पाहायचं होतं. पाटीसोबत काढलेला फोटो त्यानं पुण्याच्या मित्रांना पाठवला. तिकडे कळंब म्हटलं की लोकांना धाराशिव जिल्ह्यातलं आठवतं, नाहीतर नाशिक रस्त्यावरचं, मंचरच्या पुढचं. चिंतामणीचं कळंब सांगावं लागतं. सकाळी निघण्याआधी आम्ही तिथं जाऊन आलो. देवळाला चढायचं नसतं, पायऱ्या जमिनीच्या पोटात उतरतात. खाली कुंड आहे आणि दक्षिणमुखी गणपती. कुंडाचं पाणी वर येऊन देवाच्या पायाला लागतं आणि ओसरतं, अशी इथली श्रद्धा. भाच्यानं नमस्कार केला आणि बाहेर येताना भिंतीचा दगड बोटानं चाचपला. सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

डोंगरखर्ड्याच्या बाजूच्या टेकड्या दिसू लागतात. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना याला डोंगर म्हणायचं जिवावर येईल. माथे सपाट, उतार मवाळ, अंगावर साग, पळस, धावडा. शाळेच्या भूगोलात या टेकड्या अजिंठ्याच्या रांगेच्या शेपटाला लावलेल्या असतात. पायथ्याशी भाऊजींच्या मित्राचं वावर आहे, बांधावर चिंच. तिच्या सावलीत ट्रॉली रिकामी होते.

आता कामं वाटली जातात. उघड्यावर रोडगे करायचे तर ते पुरुषांनी, असा आमच्या दोन्ही घरांचा रिवाज आहे. बायकांनी बसून चुका काढायच्या. कणीक मुद्दाम जाडसर दळून आणली आहे. भाऊजी तिच्यात मीठ, हातावर चुरडलेला ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन घालतात, घट्ट मळतात. भाचा बाह्या सारून शेजारी बसतो. हातावर छोट्या पाऱ्या थापायच्या, प्रत्येकीवर तेलाचं बोट फिरवायचं, अशा चार एकावर एक ठेवायच्या आणि पाचव्या मोठ्या पारीत बांधून तोंड वळून टाकायचं. वळताना फट राहिली तर राख आत जाते. त्याचा पहिला गोळा सासूबाई हातात घेतात, फिरवून पाहतात, मोडतात आणि कणकेत परत टाकतात. दुसरा ठेवून घेतात.

तिकडे त्याचे शाळेतले दोन मित्र गोवऱ्या रचताहेत. एक कृषी केंद्रात काम करतो. दुसरा यवतमाळला राहून पोलीस भरतीची तयारी करतो. त्याच्या पिंढऱ्या पाहिल्या तरी कळतं. गोवऱ्या पेटतात, धूर आधी माझ्याकडे येतो, मग मी बसेन तिकडे. जाळ असताना काही टाकायचं नाही. जाळ बसला पाहिजे, आर लाल झाला पाहिजे, वर राखेची साय धरली पाहिजे. मग काठीनं आर पसरायचा, गोळे त्यावर मांडायचे, सगळीकडून खरपूस झाले की फुफाट्यात पुरायचे आणि विसरून जायचं. भाऊजींना विसरता येत नाही. "पालट न लेका, जळून राहिले!" हे वाक्य दर दोन मिनिटांनी येतं.

भाजीचा गंज मात्र भाच्यानं मागून घेतला आहे. पुण्याला खोलीवर तो इंडक्शनवर स्वतःचं स्वतः करतो. मेसच्या डब्याला कंटाळून दुसऱ्या वर्षी शिकला. आधी पिठलं, मग खिचडी, मग आईला फोन लावून पाटवडी, जिच्या पहिल्या वड्या रश्शात विरघळल्या. आज आलू-वांगं आहे. धणे, खोबरं, खसखस, खडा मसाला ताईनं घरीच भाजून आणलाय. कांदा लाल होतो, मसाल्याचा वास सुटतो, तेल वर येतं, सांबार चिरून ठेवलेला आहे. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. सारं नीट चाललेलं असताना हा खिशातून कागदाची पुडी काढतो आणि तिच्यातला गुळाचा खडा गंजाकडे नेतो.

"अबे!" भरतीवाला ओरडतो.

"काय करून राहिला रे?" ताई उठते.

"थोडासाच. चव गोल होते."

"चव गोल होते म्हणे!" सासूबाई पदराला हात पुसत येतात. "दे तो गूळ इकडे." खडा घेतात, तोंडात टाकतात, परत जाऊन बसतात. तिखट कमी होऊ नये म्हणून भाऊजी वरून आणखी एक मूठ तिखट घालतात, ज्याची काहीएक गरज नव्हती. आम्ही विदर्भातले लोक तिखटाच्या बाबतीत थोडे दाखवेगिरी करतो, असं माझं जुनं मत आहे. पण हे इथं बोलायची सोय नाही.

रोडगे राखेत गेले. तासाभराची निश्चिंती. पोरं टेकडीकडे निघतात, मीही त्यांच्यामागे.

वाट नाही, बकऱ्यांनी पाडलेली रेघ आहे. गवत कमरेएवढं आणि वाळलेलं. कुसळं मोज्यांत घुसतात. त्या ट्रेकिंगच्या बुटांच्या नाड्यांत शेकडो अडकली आहेत. कृषी केंद्रवाला साध्या चपलेवर पुढे चालतो आणि मध्येच सीताफळाच्या झुडपात वाकतो. डोळे उघडलेली फळं पाहून तोडतो, शर्टात घालतो. दोन पक्ष्यांनी आधीच चाखली आहेत. तीही घेतो.

"कळसूबाईला गेलतो सप्टेंबरात," भाचा सांगतो. "सोळाशे शेहेचाळीस मीटर. महाराष्ट्रात सगळ्यात उंच."

"मी पण सोळाशे मीटरच करून राहिलो," भरतीवाला म्हणतो. "पाच मिनिटं दहा सेकंदात झालं तर वीसपैकी वीस. तुले किती लागले?"

"अडीच तास."

"नापास."

मधल्या टप्प्यावर कातळाची उघडी पायरी लागते. भाचा बसतो, सॅकमधून रुमाल काढून दगड मांडतो. एक पांढरा, पंख्यासारखा उलगडलेला. स्टिल्बाइट म्हणतात याला. वाघोलीच्या खाणीजवळ खडीच्या ढिगात सापडला. त्या वाघोलीत कॅव्हन्साइट नावाचा गडद निळा स्फटिक निघतो, जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. याला अजून मिळालेला नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड पाहिलाय तेवढाच. बोलताना तो कातळाच्या भोकांमध्ये नख घालतो. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून हे स्फटिक वाढले. सह्याद्रीचे कडे आणि ही टेकडी एकाच लाव्ह्याची, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या. याच जिल्ह्यात झरीजामणीकडे शिबला-पारडीजवळ तर बसाल्टचे कोरून काढल्यासारखे खांब आहेत, ते पाहायचेत.

"आपल्या वावरातली काळी माती पण हाच गोटा," तो खाली हात करतो. "झिजून झिजून झालेला."

खाली पाहतो तो काळ्यावर पांढरं पसरलेलं आहे. बोंडं फुटली आहेत. मध्ये तुरीच्या ओळी, त्यांना पिवळा फुलोरा. वेचणाऱ्या बायांची रांग, कमरेला ओटे बांधलेले. पहिल्या वेचणीआधी ताईच्या वावरात सीतादही झाली तेव्हा बांधावरच्या गोट्यांनाच कुंकू लावून दहीभाताचा नैवेद्य दाखवला होता. भाचा तेव्हा परीक्षेत होता, त्याला व्हॉट्सॲपवर फोटो गेला. पुण्यात याच दगडावर लोक रविवारी चढायला जातात, वर पोचून चहा पितात. इकडे त्याच्या भुकटीवर वर्षाचं गणित असतं. कापसाचा लांब धाग्याचा हमीभाव यंदा क्विंटलला 7,521 रुपये, सोयाबीनचा 4,892. भाऊजींचं सोयाबीन दिवाळीआधी त्याच्या बऱ्याच खाली विकलं गेलं. बुटांचे पैसे त्यातूनच गेले, हे ताईनं मला हळूच सांगितलं आहे. भाच्याला सांगितलेलं नाही. त्यालाही ते माहीत असावं, कारण सॅकच्या तुटलेल्या बंदाला त्यानं सुतळी बांधली आहे आणि नवी मागितलेली नाही.

माथ्यावर वारा आहे. भरतीवाला केव्हाच पोचून परत खाली येऊन पुन्हा वर गेलाय. कृषी केंद्रवाला मात्र झाडीच्या आतल्या बाजूला वळू देत नाही. बाजूच्या राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती वाघीण मारली गेली. कागदोपत्री टी-1, वर्तमानपत्रांची अवनी. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले होते. ही पोरं तेव्हा शाळेत होती. "आमची आई दोन वर्सं वावरात एकटी गेली नाही," तो म्हणतो. तिला मारायला नको होतं असं पुण्यात भाच्याचे मित्र म्हणतात, तेव्हा भाचा गप्प बसतो. आत्ताही गप्पच बसतो.

मग तोच दुसऱ्या वाघाचं काढतो. टिपेश्वरचा, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला. 2019 मध्ये निघाला तो तेलंगणात शिरून, परत महाराष्ट्रात येऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला. सगळा फेरा 3,000 किलोमीटरच्या वर. त्याचं नावच वॉकर पडलं.

"अन् बूट पण नोते," भरतीवाला म्हणतो.

खालून भाऊजींची हाक येते.

फुफाट्यातून रोडगे निघताहेत. राखेनं पांढरे, कुठे काळे. एकेक फडक्यात धरून आपटायचा, राख झाडायची, बोटांनी चेंदायचा. तडा गेला की आतले पदर सुटतात, वाफ निघते, त्या वाफेत ताई तुपाची धार सोडते. पळसाच्या पत्रावळी मांडल्या आहेत. तुरीचं घट्ट वरण, वांग्याची भाजी, कांदा फोडलेला, जवसाची चटणी. पहिल्या घासाला कुणी बोलत नाही. दुसऱ्याला सगळ्यांच्या नाकातून पाणी. ती जादा मूठ. भाऊजी डोळे पुसत "काही तिखट नाही" म्हणतात. सासूबाई भाच्याच्या पानातला रोडगा उलटा करून पाहतात. वळलेलं तोंड नीट बंद आहे, आत राख नाही. त्या काही म्हणत नाहीत. स्वतःच्या पानासाठी मात्र त्यानंच वळलेला दुसरा मागून घेतात.

रुमालातले दगड आता त्यांच्यापुढे आले आहेत. पांढरा स्फटिक त्या उन्हात धरतात.

"हा पुण्याचा?"

"हो आजी. पण आपला अन् तो एकच आहे. एकाच वेळचा लाव्हा."

"एकच हाय त मंग आणला कायले?"

यावर तो तोंडातला घास संपेपर्यंत विचार करतो. तोवर विषय बदललाय. मित्र चिखलदऱ्याचं काढतात. दोन मोटारसायकली, गाविलगड पाहायचा, वैराटच्या टोकावर सूर्य मावळताना उभं राहायचं. सुट्टी या रविवारपर्यंत आहे. परीक्षा संपल्यावर डिसेंबरात पुन्हा चार दिवस मिळतील, पण तेव्हा तिकडे थंडी मरणाची. पैशांशी गाडी अडते. भाऊजी पत्रावळीकडे पाहत राहतात.

"दिवाळीत आला त कापूस वेचाले येजो," सासूबाई म्हणतात. "हिवाळ्यात आला त तूर सोंगाले. उन्हाळ्यात कुरडयाचा चीक घोटाले. तुह्या सुट्टीले कामं कमी नाही आपल्याकडं." मग थोडं थांबून, "उद्यापासून तीन दिवस वेच. जे बायाईले देतो किलोमागं, तेच तुले. मंग जाय कुठं जाचं तिथं."

"आजी, याच्यानं दिवसाचे दहा किलो होत नाही," कृषी केंद्रवाला सांगतो.

"पंधरा होतील," भाचा म्हणतो. मोबाइल काढून हिशेब करायला बसतो. चिखलदरा जाऊन-येऊन पेट्रोल किती, गाडीमागे दोघं, म्हणजे कापूस किती किलो. आकडा त्याला बरा वाटत नाही. पुन्हा करतो.

"आजी, बोनस वगैरे काही?"

"गंज घास जाय पयले."