चांदवडचा कातळ किती वर्षांचा?

नाशिक जिल्ह्यात कळवण, दिंडोरी, पेठ या पट्ट्यात अधूनमधून जमीन हलते. धक्के बहुतेक सौम्य असतात. भांडी वाजतात, नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेत नोंद होते, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. पण त्यानंतरच्या सकाळी ओपीडीत छाती धडधडणारे, रात्रभर डोळा न लागलेले लोक हमखास येतात. तपासून झाले की उठता उठता विचारतात, “डॉक्टर, आपले डोंगर ज्वालामुखीचेच ना? मग तो पुन्हा जागा होतोय का?”

प्रश्नात काहीही चुकीचे नाही. चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्यांनी सातमाळ्याच्या रांगेकडे जरा निरखून पाहावे. इंद्राई, राजधेर, कोळधेर, चांदवडचा किल्ला, साऱ्यांच्या अंगावर एकावर एक आडव्या पायऱ्या दिसतात. एक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. विहीर खोदणाऱ्यांना हे पुस्तकाविना माहीत असते. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण आणि मध्येच एखादा तांबडा मातकट थर. हा तांबडा थर म्हणजे दोन लोटांमधला विसावा. तेवढ्या काळात खडकाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती झाकून टाकली.

ज्वालामुखी जागा होतोय का, हे सांगायचे तर तो केव्हा झोपला हे आधी कळायला हवे. दगडाचा जन्मदाखला नसतो. पण त्याच्यात एक घड्याळ असते आणि ते आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचे आहे : पोटॅशियम.

रुग्णाच्या रक्तात ते लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोल असावे लागते. कमी झाले तर हातपाय गळतात, फार वाढले तर हृदय थांबते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे 140 ग्रॅम पोटॅशियम असते. त्याच्या दर 10 लाख अणूंपैकी 117 अणू किरणोत्सारी असतात. त्यांना पोटॅशियम-40 म्हणतात. हा लेख वाचताना तुमच्या शरीरात दर सेकंदाला असे चार हजारांवर अणू फुटत आहेत. घाबरू नका, केळे खाणेही सोडू नका. माणूस जन्मल्यापासून हे असेच चालू आहे.

थायरॉइडच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचे अर्धे अणू आठ दिवसांत संपतात. पोटॅशियम-40 ला त्यासाठी 125 कोटी वर्षे लागतात. फुटलेल्या दहा अणूंपैकी साधारण नवांचे कॅल्शियम होते आणि एकाचा आरगॉन वायू. कॅल्शियम खडकात आधीच भरपूर असते, त्यात नवे कोणते आणि जुने कोणते हे कळत नाही. आरगॉनचे तसे नाही. तो कशाशीही संयोग पावत नाही. लाव्हा पातळ असतो तोवर निसटून जातो, आणि लाव्हा थिजला की नव्याने तयार होणारा आरगॉन स्फटिकांत कोंडला जातो. म्हणजे खडक थंड झाला त्या क्षणी घड्याळाचा काटा शून्यावर.

यातले गणित सोपे आहे, मोजमाप मात्र घाम काढणारे. 6 कोटी 60 लाख वर्षांत पोटॅशियम-40 च्या हजार अणूंपैकी जेमतेम 36 फुटतात आणि त्यातून आरगॉनचे चारच अणू मिळतात. त्यात आपल्या काळ्या दगडात पोटॅशियमच कमी. पावसापाण्याने दगड कुजला तर आरगॉन गळतो आणि वय खोटेच कमी येते. रक्ताचा नमुना हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो, त्याचीच ही उलटी बाजू. सुरुवातीच्या मोजण्यांत दख्खनच्या दगडांची वये इतकी विखुरलेली आली, की हे उद्रेक कोट्यवधी वर्षे रेंगाळले असावेत असे वाटत होते.

मग पद्धत सुधारली. दगडाचा तुकडा अणुभट्टीत ठेवून त्यातल्या काही पोटॅशियमचा आरगॉन-39 करतात. मग तोच तुकडा पायरीपायरीने तापवत दोन्ही आरगॉन एकाच यंत्रावर मोजतात. लागोपाठच्या अनेक पायऱ्यांना तेच वय आले तर नमुना विश्वासू, वर-खाली झाले तर गळका. मुंबईच्या आयआयटीत अशा मोजणीची प्रयोगशाळा आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून चित्र पालटले. पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या थरांतला बहुतेक लाव्हा 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास, दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला होता.

डायनासोर संपले तेही याच सुमारास. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांचे निष्कर्ष आले. प्रिन्स्टनच्या गटाने तांबड्या थरांतल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉनचे कण निवडून युरेनियम-शिशाचे घड्याळ वाचले, बर्कलेच्या गटाने आरगॉनचे. एकूण काळाबाबत दोघांचे जुळले. पण मेक्सिकोत अशनी आदळण्याच्या थोडे आधी मोठा उमाळा आला, असे पहिला गट म्हणतो; तीन चतुर्थांश लाव्हा त्यानंतर आला, असे दुसरा. मला यात विज्ञानाची फजिती दिसत नाही. दोन चांगल्या रेडिऑलॉजिस्टांचे एकाच एक्स-रेवर दुमत व्हावे, तसेच हे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र वयाच्या पुढच्या उपयोगात आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळलेले असतात. तो कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे निघते. 1950 च्या दशकात आधी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या आणि मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांवर हे काम केले आणि उत्तर आले विषुववृत्ताच्या दक्षिणेला! साधारण 25 ते 30 अंश दक्षिण. आज चांदवड 20 अंश उत्तरेला आहे. म्हणजे सातमाळ्याचे डोंगर पाच हजारांवर किलोमीटर चालून आले आहेत. अंतर कळले, पण वेग काढायला वेळ लागते आणि ती दिली आरगॉनने. सरासरी वर्षाला सुमारे आठ सेंटिमीटर. सुरुवातीला तर पंधरा सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे डोक्याचे केस वाढतात त्या गतीने. पुढे आशियाशी टक्कर झाली आणि चाल मंदावली. आता ती नखे वाढण्याच्या वेगाहून थोडी जास्त, पाचेक सेंटिमीटर आहे.

भारत सरकला, खालची भट्टी मात्र मागे राहिली. तिचा माग हिंदी महासागराच्या तळाशी सापडतो. मालदीवखालचा लाव्हा साधारण 5 कोटी 70 लाख वर्षांचा, छागोसखालचा 4 कोटी 90 लाख, मॉरिशसचा 80 लाखांच्या आसपास. दक्षिणेकडे जावे तसे वय उतरत जाते आणि शेवटी येते मादागास्करच्या पूर्वेचे रियुनियन बेट. तिथला ज्वालामुखी आजही पेटतो. आपल्या डोंगरांना ज्याने जन्म दिला तो हजारो किलोमीटर दूर, समुद्रापार आहे.

इथे ज्वालामुखीचे तोंड शोधूनही सापडणार नाही. लाव्हा एका शिखरातून नव्हे, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला. भेगांत थिजलेला लाव्हा भिंतीसारखा उरतो. धोडप किल्ल्यावरची प्रसिद्ध कातळभिंत तशीच. नंदुरबार-धुळ्याकडच्या अशा भिंती बहुतांशी पूर्व-पश्चिम धावतात, म्हणजे तिथे जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. नाशिक-पुणे पट्ट्यातल्या भिंती वाटेल त्या दिशेला आहेत. तिथे ताणाला एक ठरावीक दिशा नव्हती.

मग जमीन का हलते? 11 डिसेंबर 1967 ला कोयना आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरल्यानंतर पुढे दोन्हीकडे खोल छिद्रे पाडली गेली. किल्लारीला काळा दगड 338 मीटरवर संपला, कोयनेला सुमारे सव्वा किलोमीटरवर. खाली लागला 250 कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटसारखा खडक. त्याच्यापुढे आपला कातळ तान्हे बाळ. त्या भूकंपांची नाभी याच जुन्या खडकात होती. हिमालयाला रेटणाऱ्या भूखंडातला ताण तिथल्या पुरातन भेगांवर सुटतो आणि लाव्ह्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

म्हणून ओपीडीतल्या त्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणतो आणि उलट विचारतो, “घराच्या भिंती कशाच्या आहेत?” किल्लारीत पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हजारो माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाखाली. आपल्या खेड्यांतली जुनी घरे याच काळ्या दगडाची आहेत. भिंतीचा पोट फुगलेला भाग, कोपऱ्यातली उभी भेग, छतावर दरवर्षी चढवलेला मातीचा थर हे गवंड्याला एकदा दाखवून घ्या. आणि अशा भिंतीच्या पायथ्याशी म्हाताऱ्या माणसाची खाट असेल, तर ती आज रात्रीच हलवा.